देव्हाऱ्यातील जांभळा दगड

बोरी, ता. जिंतूर, जि. परभणी

प्रिय अर्पिता,

सासऱ्याने सुनेला थेट पत्र लिहिण्याची आपल्या घरात पद्धत नाही, याची मला पूर्ण जाणीव आहे. 'चिरंजीव सौभाग्यवती' असा रीतसर मायना घालून कागद सुरू केला आणि बाजूला ठेवला. त्या मायन्याखाली मला जे लिहायचे आहे ते उतरेना. म्हणून 'प्रिय'. गैर वाटल्यास क्षमा असावी.

आरंभीच एक विनंती करतो. स्वीडनमधील संशोधन संस्थेने तुला दोन वर्षांसाठी बोलावले आहे, तू त्यांना नकाराचे पत्र लिहून ठेवले आहेस आणि महिनाअखेरीस ते पाठवणार आहेस, असे चिरंजीव शिवप्रकाशकडून समजले. हे माझे पत्र शेवटच्या ओळीपर्यंत वाचून होत नाही तोवर ते पाठवू नये. काही वस्तुस्थिती तुझ्यापर्यंत पोहोचायची राहून गेली आहे. ती न कळता घेतलेला निर्णय म्हणजे अर्धवट निरीक्षणांवरून काढलेला निष्कर्ष ठरेल, आणि तसा निष्कर्ष तू प्रयोगशाळेत कोणाचाही चालवून घेणार नाहीस.

आता मुख्य बातमी. तुझा दगड मी ओळखला! कोणी सांगितले नाही, कोठे चिठ्ठी नव्हती; केवळ गुणधर्मांवरून ओळखला. तांबे आणि सेलेनियम यांचे संयुग, तांब्याचे तीन अणू आणि सेलेनियमचे दोन, खनिजाचे नाव उमांगाइट. तुझ्याकडून दुरुस्ती आल्यास मान्य करीन, परंतु ती येणार नाही अशी माझी जवळजवळ खात्री आहे.

हे कसे घडले ते क्रमाने सांगतो. तुझ्या सासूबाई गेल्यानंतर तुम्ही दोघे पुण्याला परतलात आणि माझी थोरली बहीण बायनाबाई, आपली आक्का, घर सांभाळायला पाथरीहून आली. तिचा झपाटा तुला ठाऊक आहे. आल्या आल्या तिने देव्हारा घासूनपुसून काढला, तेव्हा विभूतीच्या डबीमागे पांढऱ्या फडक्यात गुंडाळलेला तो दगड तिच्या हाती लागला. खाली पांढऱ्या खनिजाची बैठक आणि तिच्यातून वर आलेला काळसर-जांभळा, धातूची चकाकी असलेला गोळा. लिंगायत घराच्या देव्हाऱ्यात, स्वच्छ फडक्यात जपून ठेवलेला असा आकार पाहिल्यावर दुसरा कोणता अर्थ तिला सुचावा? तुझ्या सासूबाईंचे इष्टलिंग त्यांच्यासोबतच मातीत गेले. ते त्यांच्या तळहातावर मी स्वतः ठेवले होते. त्यामुळे आक्काने असे ठरवले की हे त्यांनी कपिलधारच्या यात्रेत घेतलेले आणखी एखादे लिंग असावे. दुसऱ्या सकाळपासून पूजा सुरू झाली. विभूती, बेल, पाणी. आणि ते पाणी तीर्थ म्हणून आम्हा दोघांच्या तळहातावर!

मी काही विचारले नाही. त्या महिन्यांत मी कोणालाच काही विचारत नव्हतो. ताटात येई ते खात होतो, हातावर पडे ते पीत होतो. लिंबाजी शेजारून हाक मारी, तर मी मान हलवून आत येई. आयुष्यभर रसायनशास्त्र शिकवत आलेला माणूस रोज सकाळी त्या दगडासमोर हात जोडून उभा राहत होता आणि समोर काय आहे हे त्याने एकदाही पाहिले नाही.

श्रावणातल्या एका सोमवारी देव काळवंडल्यासारखा दिसतो म्हणून आक्काने त्याला तांब्याच्या घागरीसारखे लिंबू चोळले. पुढच्याच क्षणी घरभर आवाज घुमला. "रेवण, आरं पळ, पळ! देव श्वास घ्यायलाय!" मी पोहोचेपर्यंत तिच्या डोळ्यांना धार लागली होती. दुपारपर्यंत गल्लीतल्या बाया लिंबे घेऊन दारात उभ्या. प्रत्येकीला देवाचा श्वास स्वतःच्या लिंबाने पाहायचा होता. मी पुढे होऊन वाकलो. बैठकीच्या पांढऱ्या भागावर बारीक बुडबुडे उठत होते, वरचा जांभळा भाग मात्र शांत होता. आणि अर्पिता, तुझ्या सासूबाई गेल्यापासून प्रथमच माझ्या डोक्यात एक सबंध वाक्य तयार झाले: आम्लाने फेसाळते, अर्थात हा कार्बोनेट, बहुधा कॅल्साइट. त्यामागून दुसरे वाक्य धावत आले: मग हे जांभळे काय आहे?

मी दगड उचलला. आक्का म्हणाली, "आंघुळ केलीस का?" केली होती. आकाराच्या मानाने तो इतका जड होता की दुसरा हात आपोआप खाली गेला. उजेडात नेऊन पाहिले. आपल्या भागातला काळा पाषाण असा चमकत नाही. हा धातूसारखा चमकत होता आणि त्यावर निळसर-जांभळी झाक होती, तापलेल्या तांब्यावर येते तशी. तीर्थ त्याच क्षणी बंद केले. आक्का संतापली. मी म्हणालो, हा पदार्थ कोणता हे कळेपर्यंत याचे पाणी कोणीही पिणार नाही. ती म्हणाली, "मास्तर झालास अन् देव वळखीनास व्हय रं!" त्यावर मजजवळ प्रयोग होते.

कडेचा तुरीच्या डाळीएवढा तुकडा सैल होता, तो काढून घेतला. नमुन्याला केलेली इजा एवढीच. ती नोंदवून ठेवतो. नखाने त्यावर ओरखडा उठला नाही, तांब्याच्या जुन्या पैशाने जेमतेम उठला, चाकूने सहज उठला. फरशीच्या खरखरीत पाठीवर घासल्यावर रेघ काळी आली. ताज्या भंगाचा रंग पाहून तर मी जागचा उठलोच: पिकलेल्या जांभळाच्या गरासारखा गडद, लाल आणि वर जांभळट छटा! आणि हा लाल रंग टिकला नाही. काही दिवसांत त्यावर तीच निळसर झाक चढली. गावातल्या सोनाराच्या तराजूवर तुकडा आधी हवेत आणि मग पाण्यात दोऱ्याला टांगून तोलला. सोनार म्हणाला, "गुरुजी, सोनं न्हाई हे, उगं कशाला बुडवायलाव?" घनता पाण्याच्या सहापटींहून अधिक निघाली. मी त्याला पेढे द्यावे इतका आनंदलो होतो.

त्यानंतर माळ्यावरची फुंकनळी काढली. कोळशात खळगा करून कण ठेवला, अंगणात वारा पाठीशी घेऊन बसलो आणि स्पिरिटच्या दिव्याची ज्योत नळीने त्यावर वळवली. प्रथम कडेला सुंदर निळा रंग आला, मग हिरवा. हिरवा म्हणजे तांबे, हे शाळेतली मुलेही सांगतील. निळ्याचा विचार करतो आहे तोच वास आला. सडलेल्या मुळ्याचा! बी.एस्सी.च्या पुस्तकात ही सेलेनियमची खूण म्हणून वाचली होती, परीक्षेत लिहिली होती, गुण मिळवले होते. तो वास मात्र या वयात प्रथमच नाकात गेला. मी तसाच उठून उभा राहिलो. भिंतीपलीकडून लिंबाजीने मान वर काढली. "गुरुजी, सक्काळी सक्काळी मुळा जाळायलाव व्हय? का आक्कानं भाजी करपिवली?" आतून आक्का कडाडली, "लिंब्या, माझ्या भाजीचं नाव घेऊ नगंस, सांगून ठेवते!" आणि मी हसलो. चांगला मोठ्याने हसलो. आक्का पदराला हात पुसत दारात आली, माझ्याकडे बघत राहिली, आणि चहा ठेवायला आत गेली.

दुसऱ्या दिवशी एसटीने परभणी गाठली. एका कॉलेजच्या ग्रंथालयात माझा जुना विद्यार्थी आहे. त्याने खनिजशास्त्राचे पुस्तक काढून दिले आणि संगणकही उघडून दिला. काठिण्य, घनता, रेघ, भंगाचा रंग, सर्व जुळले: उमांगाइट. अर्जेंटिनातील एका डोंगररांगेच्या नावावरून ठेवलेले नाव. बहुधा कॅल्साइटच्या शिरांत, आपल्या जातभाईंसह आढळते. त्यांपैकी एकात तांब्याचे दोन अणू आणि सेलेनियमचा एक. ते स्वीडनमध्ये प्रथम सापडले, नाव बर्झेलिअनाइट. आपले उमांगाइट उकळत्या पाण्याहून थोडे अधिक तापवले तरी फुटते आणि त्यातून या दुसऱ्या प्रकारचे द्रव्य तयार होते. तीर्थाचीही चौकशी केली. सेलेनाइड पाण्यात जवळजवळ विरघळत नाही. तरीही दोघांचे रक्त तपासून घेतले, चिंतेचे कारण नाही. आक्काच्या मते तो देवाचा गुण आहे.

मग तांब्याच्या सेलेनाइडचा उपयोग काय, असा शोध घेतला. पडद्यावर एक शोधनिबंध आला. लेखकांच्या नावांत पहिले नाव तुझे होते.

अर्पिता, तू 'तांब्यावर काहीतरी' करतेस, एवढेच मला ठाऊक होते. घरात कोणी विचारल्यास मी तेच सांगत असे. त्या दिवशी ग्रंथालय बंद होईपर्यंत मी तुझा निबंध वाचत बसलो. गणित पुष्कळसे डोक्यावरून गेले, परंतु मर्म कळले, आणि ते इतके सुंदर आहे की परतीच्या एसटीत शेजारच्या अनोळखी गृहस्थांना मी ते बोरीपर्यंत समजावून सांगितले. तापवले असता या पदार्थात सेलेनियमचे अणू आपापल्या जागी उभे राहतात आणि तांब्याचे त्यांच्यामधून जवळजवळ पाण्यासारखे वाहू लागतात. बाहेरून घन, अंतर्यामी द्रव! त्यामुळे उष्णतेला वाट सापडत नाही, वीज मात्र निर्वेध जाते. एक बाजू तापलेली आणि दुसरी थंड ठेवली की दोहोंतील फरकातून वीज मिळते. फिरणारे चाक नाही, आवाज नाही. साखर कारखान्यांची धुराडी, वीटभट्ट्या, मालट्रकचे नळकांडे, या सर्वांतून रोज वाया जाणारी उष्णता माझ्या डोळ्यांपुढे उभी राहिली. ते गृहस्थ म्हणाले, "मंग अजून हे बाजारात कसं न्हाई?" प्रश्न रास्त होता, आणि उत्तर तुझ्याच निबंधात होते. वीज वाहू लागली की तांबेही तिच्यासोबत एका टोकाकडे सरकत जाते, साठते, बाहेर फुटते आणि पदार्थ निकामी होतो. तांब्याला वाहू द्यायचे पण निसटू द्यायचे नाही, हा तुझा विषय. आणि स्वीडनमध्ये याच दोषावरचा उपाय प्रत्यक्ष यंत्रात तपासून पाहायचा आहे. बरोबर ना? बोरी आली तेव्हा गृहस्थांनी विचारले, "हे समदं कुणी शोधलं म्हणता?" मी म्हणालो, माझ्या सुनेने. थोडी अतिशयोक्ती झाली, ती मान्य आहे.

आक्काची समजूत घालणे या सर्वांहून कठीण गेले. फेस हा देवाचा श्वास नसून रासायनिक क्रिया आहे, हे सिद्ध करण्यासाठी मी ओसरीच्या शहाबादी फरशीवर लिंबू पिळले. तीही चुन्याच्याच जातीची, तीही फेसाळली. मी विजयाने पाहिले. आक्का खाली वाकून निरखत राहिली आणि म्हणाली, "मंग समद्या घरातच देव हाय म्हण की!" त्या दिवसापासून ती फरशीवर पाय जपून ठेवते. दगड मात्र तिने माझ्या हवाली केला.

इथवर सर्व आनंदाचे होते. एक प्रश्न तेवढा उरला. पुण्यात असायला हवा असा तुझा नमुना आमच्या देव्हाऱ्यात आला कसा? शिवप्रकाशला फोन केला. सरळ विचारले, हा दगड अर्पिताचा आहे काय? तो म्हणाला, "बाबा, म्हणजे आईनं तुम्हाला सांगितलंच न्हाई?" आणि त्याने सर्व सांगितले. होळीला तुम्ही आलात तेव्हा तो दगड तू तुझ्या सासूबाईंना दाखवलास. स्वीडनचे बोलावणे येण्याची शक्यता आहे हेही सांगितलेस आणि मामंजींना विचाराल का, असे म्हणालीस. त्या म्हणाल्या, "दगड ठेवून जा. आधी दाखवते, मंग इचारते."

त्यांची ही रीत तू ओळखत होतीस, कदाचित माझ्याहून अधिक. मला काही विचारायचे असल्यास त्या आधी वस्तू समोर ठेवीत, प्रश्न मागाहून येई. शिवप्रकाशला पुण्याला शिकायला पाठवायचे होते तेव्हा ताटाशेजारी आधी तिथल्या कॉलेजचे माहितीपत्रक आले. तुमच्या लग्नाची बोलणी निघण्यापूर्वी तुझा फोटो माझ्या चष्म्याच्या घरात सापडला. मी तो चष्म्यासह परत ठेवला, त्यांनी ते पाहिले, आणि दुसऱ्या दिवशी तुझ्या वडिलांना निरोप गेला. या वेळी त्यांनी दगड देव्हाऱ्यात ठेवला, कारण रोज सकाळी विभूतीसाठी माझा हात तिथे जाणार हे त्यांना माहीत होते. विचारायची वेळ मात्र त्यांना मिळाली नाही. त्याच आठवड्यात त्यांना परभणीच्या दवाखान्यात न्यावे लागले आणि नंतर जे घडले ते आपण सर्वांनी पाहिले.

शिवप्रकाश पुढे म्हणाला, "बोलावणं आल्यावर अर्पितानं वाट बघितली, बाबा. तुम्ही काहीच बोलला न्हाईत. तेराव्याला न्हाई, नंतर फोनवर न्हाई. आम्ही समजून गेलो." त्याने कसलाच रोष दाखवला नाही, म्हणून ते अधिक लागले. आपल्या घरात नकार कधी उच्चारला जात नाही. त्रिवेणी, तुझी सासू, विचारायची, मंजूर असेल तर मी 'बरं' म्हणायचो, नसेल तर गप्प राहायचो, आणि ती माझे गप्प बसणे बरोबर ओळखून तुम्हाला योग्य शब्दांत सांगायची. त्यात आक्काने सर्वांना सांगून ठेवले की पुण्यस्मरण झाले की तुम्ही दोघांनी बोरीला यायचे, तू परभणीच्या कॉलेजात नोकरी धरायची आणि हे घर चालवायचे. तेव्हाही मी गप्पच होतो. तुझ्या जागी असतो तर मीही तोच अर्थ काढला असता जो तू काढलास.

म्हणून हे पत्र, आणि म्हणून ते माझ्या अक्षरात. अर्पिता, तो माझा नकार नव्हता. त्रिवेणी गेली आणि मला बोलता येईनासे झाले, एवढेच होते. तुझा प्रश्न माझ्यापर्यंत आता पोहोचला आहे आणि त्याचे उत्तर असे: जा. शिवप्रकाशला तिकडे काम मिळाले तर दोघे जा, न मिळाले तर तू एकटी जा. आक्काला मी आज सकाळी सांगितले, तिने दोन भाकरी थापल्या आणि मग म्हणाली, "थंडी लय असंल तिकडं. पोरीला गोधडी द्यावी का?" मी 'बरं' म्हणालो. लिहून ठेवलेला तो नकार फाडून टाक आणि संस्थेला होकार आजच कळव. त्यानंतर मला फोन कर. शिवप्रकाशच्या हाती फोन देऊन 'मामंजींना सांगा' म्हणू नकोस. तुझ्या तोंडून ऐकायचे आहे. वीज वाहताना तांबे पुढे सरकते हे समजले, पण तुम्ही त्याला अडवता नेमके कसे, हे मला कळलेले नाही, आणि ते कळेपर्यंत मला चैन पडणार नाही.

तुझ्या फोनची वाट पाहणारा, तुझाच,
रेवणसिद्ध